रिकामी धार

“…आणि चौथी वाट मिळाली की पुरेल, असं तुला कशावरून वाटतं?”

माईंनी वात वळता वळता विचारलं. वर पाहिलं नाही.

हेरंब समाधीच्या पायरीखाली उभा होता. हातात लोखंडी खांब, खांबाच्या टोकाला बांधलेली पांढरी पेटी.

“तीन भरल्यात, माई. म्हणून चौथी.”

“हं.”

“समाधीचा चौथरा सगळ्यात उंच. इथून खालचा टॉवर सरळ समोर दिसतो. खांब नुसता उभा करायचाय, खिळासुद्धा मारणार नाही. तुम्ही फक्त हो म्हणा.”

माईंनी वळलेली वात ताटलीत ठेवली. पुढचा कापूस घेतला.

तिधारीच्या मठात समाधीच्या चौथऱ्यावर कुणी पाय ठेवत नसे. मठाच्या प्रमुख असून माईसुद्धा पायरीवरच बसत.

हेरंब ठोसर शहरात वायरलेस नेटवर्कचं काम करी. यात्रेला दरवर्षी सेवेला येई. आधी पत्रावळी उचलल्या, मग पंगतीत वाढलं. माई त्याला मुद्दाम असं काही शिकवत नसत, तरी तो स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवी. यंदा तो म्हणाला, माई, यंदा मला जे येतं ते देतो.

तिधारीच्या डोंगरावर फोनला रेंज नाही. हेरंबनं यात्रेच्या कामासाठी जागोजागी पेट्या बसवल्या. दवाखान्याच्या तंबूत, हरवलेल्या मुलांच्या तंबूत, भटारखान्यात, गाडीतळावर, वर चढणाऱ्या अरुंद खिंडीत. प्रत्येक पेटी खालच्या टॉवरशी एकाच वेळी तीन वाटांनी बोले. एक वाट तुंबली की पेटी आपोआप मोकळी वाट हुडके आणि तिकडे वळे.

सकाळी नारळ फोडताना तो म्हणाला होता, “एका वाटेवर ताटकळायचे दिवस गेले. आता कुणालाच थांबावं लागणार नाही.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माई तेव्हाही वातीच वळत होत्या.

दुपारी आमटीची कढई ढवळता ढवळता दगडूमामा छाती धरून खाली बसले.

“माई, वेळ नाही हो,” हेरंब म्हणाला. “मामांच्या छातीची ईसीजीची पट्टी काढून ठेवलीय. ती खाली पोचतच नाही.”

माईंच्या बोटांतली वात तुटली. त्यांनी ती बाजूला ठेवली.

दगडूमामांनी मठाची चूल तरुणपणापासून सांभाळली होती. माई मठात आल्या तेव्हा पहिली भाकरी त्यांनीच वाढली होती.

“पट्टी पोचली की काय होईल?”

“खाली मोठ्या दवाखान्यात हृदयाचे डॉक्टर वाट बघत बसलेत. ते बघून सांगतील, इंजेक्शन द्यायचं की नाही. गुठळी विरघळवणारं असतं ते. पण मामांना मागं पोटात रक्तस्राव झाला होता. उगाच दिलं तर त्यानंच जातील. आणि लागत असून दिलं नाही, तरी…”

त्यानं घाटाकडे पाहिलं.

“दवाखान्याची गाडी?”

“घाटात अडकलीय. यात्रेच्या गाड्यांमध्ये. यायला उशीर होणार.”



पायरीखालून धापा टाकत सुलू आली. दगडूमामांची सून. हात अजून पिठाचे.

“दादा, डॉक्टरबाई विचारतायत, गेलं का?”

“जातंय.”

“मघाशी पण जातंयच म्हणालात.”

“सुलू, मी काय हातावर हात ठेवून बसलोय का?”

तिनं पिठाचे हात पदराला पुसले. मग हळूच म्हणाली, “बाई म्हणतात, दिवस मावळायच्या आत कळलं नाही तर त्या आपल्या जबाबदारीवर देतील. त्यांनी इंजेक्शन भरायला घेतलंय, दादा. मी बघितलं.”

ती आली तशी पळत गेली.

“बाकीच्या पेट्या बंद का करत नाहीस?” माईंनी विचारलं.

“कुठली करू? खिंडीतले स्वयंसेवक त्यावरच एकमेकांना कळवून माणसं सोडतायत. ती बंद केली तर तिथं चेंगराचेंगरी. हरवलेल्या मुलांचे फोटो त्यावरच फिरतात. दर्शनाचं प्रक्षेपण तेवढं बंद केलं. केल्या केल्या एक वाट मोकळी झाली…”

“मग?”

“मग सगळ्या पेट्यांना ती मोकळी दिसली. सगळ्या तिच्यावरच धावल्या. ती तुंबली. मग दुसरी मोकळी दिसली…”

त्यानं मोबाइल पुढे केला. पडद्यावर तीन रेघा होत्या. एक चढे, दुसरी पडे. पडलेली क्षणात चढे.

माईंनी चष्मा वर केला, बघितलं, चष्मा खाली घेतला.

“पाळण्यासारखं दिसतंय.”

“माई, चेष्टा नको आता.”

“मामांची पट्टी ह्यातल्या कुठल्या वाटेनं चाललीय?”

“तिन्ही. तुकडे करून जाते ती. लवकर जावी म्हणूनच तसं केलंय.”

“आणि तुकडे पोचलेत?”

“बरेचसे. पण सगळे येईपर्यंत तिकडे चित्र उघडत नाही.” त्यानं खांब जमिनीवर आपटला. “म्हणून म्हणतोय, चौथी वाट द्या. हो की नाही तेवढं सांगा.”

माईंच्या शेजारी तांब्या होता. काठोकाठ भरलेला. संध्याकाळच्या पूजेचा.

त्यांनी तो उचलला आणि पायरीलगतच्या तुळशीत सगळा ओतला. मग रिकामा तांब्या हेरंबपुढे धरला.

“चौथऱ्यावर काही ठेवायचं असेल तर आधी समाधीला पाणी घालावं लागतं. घेऊन ये.”

हेरंब त्या ओल्या मातीकडे बघत राहिला.

“आत्ता भरलेला होता तो.”

“होता.”

“माई, माणूस मरतोय तिकडे.”

“म्हणून तर म्हणते, लवकर ये.”

…

त्यानं खांब भिंतीला टेकवला. तांब्या जवळजवळ हिसकावूनच घेतला.

मठाच्या मागं कातळातून तीन धारा पडतात. डोंगराला तिधारी नाव त्यांच्यावरूनच. यात्रेतलं सगळं पाणी तिथलंच.

ह्या धारांवरही हेरंबनं सुधारणा केली होती. जिथं गर्दी कमी, त्या धारेवर हिरवा दिवा लागे. लांबून दिसे. लोकांना ते फार आवडलं होतं.

तो पोचला तेव्हा मधल्या धारेवर हिरवा दिवा होता. तो धावला. त्याच्याबरोबर सगळीच माणसं धावली. तो हात पुढे करेपर्यंत कळश्यांवर कळश्या आदळल्या आणि दिवा विझला. कडेच्या धारेवर लागला. सगळी तिकडे वळली. हेरंबही वळला. कुणाचा तरी हंडा त्याच्या गुडघ्यावर बसला.

“ओ, बघून,” एक बाई ओरडली. ती त्याच्यावर ओरडत नव्हती. तिचा नवरा दुसऱ्या धारेवर दोन कळश्या लावून उभा होता. “अहो, तिथली सोडू नका, मी इथं पण लावलीय.”

“आणि तिथली कोण सांभाळणार?” नवऱ्यानं विचारलं.

“इथं आत्याबाई आहेत.”

एका घराच्या कळश्या दोन्ही धारांवर. आणि असं एकच घर नव्हतं. धारेखाली कळश्यांची इतकी दाटी झाली होती की पाणी कळशीत कमी आणि दगडावर जास्त पडत होतं.

दिवा पुन्हा मधल्या धारेवर गेला.

हेरंब पुन्हा धावला. तांब्याच्या तळाला चार थेंब आले.

तिसऱ्या धारेवर मात्र दिवाच दिसत नव्हता. तो तिकडे गेला. दिव्यावर कुणीतरी जुनं लुगडं टाकलं होतं.

“हे कुणी टाकलं इथं?”

“म्या,” दगडावर बसलेली एक म्हातारी म्हणाली. गिरजाबाई तिचं नाव, डोंगराखालच्या वाडीची. “डोळ्यात जातोय त्यो. म्हनून झाकला.”

“आजी, लोकांना कळावं म्हणून आहे तो.”

“आमाला कळतंय की.”

इथं रांग नव्हती. धारेभोवतीच्या दगडांवर वाड्यावस्त्यांची माणसं बसली होती. प्रत्येकाच्या पुढ्यात एकच भांडं. धारेखालची घागर भरली, ती बाई निघून गेली. धार मोकळी पडू लागली.

कुणी उठलं नाही.

हेरंब पुढे झाला. गिरजाबाईंनी त्याच्या पँटला धरून खाली बसवलं.

“नावं घेतली का?”

“कसली नावं?”

“यात्रेत नवाच दिसतोस. घरातली गेलेली मानसं. धार मोकळी दिसली की आधी त्यांची नावं घ्यायची. मंग उठायचं. मठाचा नेम हाय.”

“आजी, मला घाई आहे. खरंच घाई आहे.”

“मंग आटप की. तुजी कमी असतील.”

त्या स्वतः पुटपुटू लागल्या. “सासरा रामजी, सासू तानूबाई, दीर शिवा, जाऊ कोंडाबाई, थोरला लेक भिकू, म्हस चांदी…”

“म्हैस पण?” पलीकडचा एक माणूस हसला.

“म्हस काय शेजाऱ्याची व्हती का?”

एका कडेला दोन बाया एकदमच उठल्या. एकमेकींकडे बघून हसल्या, दोघीही पुन्हा बसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून नावं घेऊ लागल्या. ह्या वेळी एक जरा आधी उठली. तिची घागर भरली. ती गेली.

धारेखाली एका वेळी एकच भांडं. पाण्याचा थेंब बाहेर नाही.

मागं हिरवा दिवा ह्या धारेवरून त्या धारेवर पळत होता. माणसं त्याच्यामागं पळत होती.

हेरंबनं खिशातला मोबाइल काढला. तीन रेघा. चढत, पडत.

त्यानं मागं पाहिलं. पुन्हा मोबाइलकडे पाहिलं.

मग मोबाइल खिशात ठेवला, आणि डोळे मिटले.

“वडील, मोरेश्वर. आजोबा, दिनकर. आजी…”

आजीचं नाव त्याला आठवेना. लहानपणी रोज तिच्या कुशीत झोपला होता. पण नाव… ती नुसती आजी होती.

त्यानं डोळे उघडले. धार मोकळी होती. गिरजाबाईंचं पुटपुटणं संपलं होतं. त्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या, हात घागरीच्या गळ्यावर.

त्यांनी हात काढला. आणि पुन्हा सुरू केलं, “सासरा रामजी, सासू तानूबाई…”

हेरंब उठला. तांब्या धारेखाली धरला. लगेच भरला.

तो समाधीकडे गेला नाही. दवाखान्याच्या तंबूकडे पळाला.

डॉक्टर शाहीन मुजावर दगडूमामांच्या उशाशी उभ्या होत्या. सिरिंजमध्ये इंजेक्शन भरलेलं. तंबूच्या फटीतून येणारं ऊन पिवळं झालं होतं. मामांचं कपाळ घामानं चकाकत होतं.

“लागली चौथी वाट?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही.”

हेरंबनं तांब्या टेबलावर ठेवला, लॅपटॉप ओढला.

“मग काय करताय?”

“तुमच्या पेटीच्या दोन वाटा काढून घेतोय.”

“काय?”

“एकच ठेवतोय.”

“ठोसर, तीन असताना जात नाही…”

“डॉक्टर, मला थोडा वेळ द्या.”

“माझ्याकडे असता तर दिला असता.”

सुलू तंबूच्या खांबाला धरून उभी होती. दगडूमामांनी डोळे किलकिले केले.

“सुले… खालचा जाळ काढला का गं?”

“काढला, मामा. बोलू नका तुम्ही.”

हेरंब लिहीत होता. त्याचा हुकूम एवढासा, तो गर्दीच्या फटीतूनही पेट्यांपर्यंत जाई. आधी त्यानं वाटांचा हिशेब बदलला. पेटीला हात तीन असोत, घर एकच. एक वाट तुंबली तर पेटीनं बाकीच्या दोन जास्त धरायच्या नाहीत, आपलं मागणंच कमी करायचं.

मग दुसरी गोष्ट. मोकळी वाट दिसली तर लगेच उठायचं नाही.

इथं तो अडखळला. किती थांबायचं? सगळ्या सारख्याच थांबल्या तर सगळ्या एकदमच उठतील.

“भिकू, चांदी,” तो स्वतःशीच म्हणाला.

“काय म्हणालात?”

“काही नाही.”

त्यानं प्रत्येक पेटीला वेगळं थांबणं दिलं. कुणाला लांब यादी, कुणाला छोटी. आणि दोन पेट्या तरीही एकदम उठल्याच, तर दोघींनी पुन्हा बसायचं.

त्यानं कळ दाबली.

काही झालं नाही.

रेघा तशाच चढत पडत राहिल्या. डॉक्टरांनी मामांच्या दंडाची शीर चाचपली. कापसानं पुसली.

“ठोसर, आता मी थांबत नाही.”

“डॉक्टर…”

“मी थांबू शकत नाही.”

तिन्ही रेघा एकदम खाली आल्या. सगळंच बंद पडलं, असं हेरंबला वाटलं. मग एक जराशी उचलली. थांबली. दुसरी उचलली, कमरेइतकी. तिसरी. कुणीच वर टोकाला जाईना. कुणी पडेना.

लॅपटॉपमधून खरखर आली, आणि एका माणसाचा थकलेला आवाज.

“…मिळाली. पट्टी मिळाली. डॉक्टर मुजावर, ऐकू येतंय का?”

“येतंय सर. मागं पोटातून रक्त गेलंय त्यांच्या. तरी…”

“माहितीय. तरी द्या. मी इथंच आहे. हळूहळू द्या आणि पट्टी चालू ठेवा, मला दिसत राहू दे.”

डॉक्टरांनी हेरंबकडे पाहिलं.

“चालू राहील?”

हेरंबनं रेघांकडे पाहिलं. खिंडीतल्या पेटीनं थोडंसं घेतलं, सोडलं. मुलांच्या तंबूनं घेतलं, सोडलं. मधून मधून कुणी काहीच घेत नव्हतं.

“राहील,” तो म्हणाला. पण हे त्यानं सकाळच्या आवाजात म्हटलं नाही.

सुई शिरेत गेली. सुलूच्या तोंडाला कोरड पडली होती. तिनं टेबलावरचा तांब्या उचलला आणि उभ्यानंच सगळा पिऊन टाकला.

दिवेलागणीला हेरंब समाधीपाशी आला. माई वाती तेलात भिजवत होत्या. खांब भिंतीला होता तसाच टेकलेला.

“बोलतायत मामा,” तो म्हणाला. “छातीतलं दुखणं उतरलंय. गाडी येईपर्यंत हलवायचं नाही म्हणालेत.”

माईंनी डोळे मिटले.

“पाणी?” मग त्यांनी विचारलं.

हेरंबनं रिकामे हात पुढे केले.

“सुलू प्यायली.”

“मग खांब?”

“खांब नको, माई. आहेत त्या तीनसुद्धा सगळ्या लागत नाहीत.”

माईंनी एक वात निरांजनात ठेवली. ती पेटवली नाही.

“धारेवर नावं कुणाची घेतलीस?”

“वडिलांचं. आजोबांचं.” तो खाली बघू लागला. “पुढचं आठवेना. तिथंच थांबलो.”

“दोनच नावं.”

“हो.”

“आणि धार मोकळी मिळाली तुला?”

“मिळाली…”

तो बोलता बोलता थांबला. घागरीच्या गळ्यावरून निघालेला एक सुरकुतलेला हात त्याला दिसला.

माईंनी काडी ओढली.

“मोकळी नव्हती ती, हेरंब.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडूमामांना डोलीतून गाडीतळावर पोचलेल्या गाडीपर्यंत नेलं. हेरंबनं धारांवरचे हिरवे दिवे उतरवले, दिव्यावरचं लुगडं धुऊन दगडावर वाळत घातलं आणि पेटीच्या वाटेनं आईला फोन करून आजीचं नाव विचारलं.